सुटून आलेल्या भावाला घरात घ्यावं का?

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

'माझा मोठा भाऊ पोक्सोच्या केसमध्ये हर्सूल जेलला पाच वर्षं काढून दिवाळीच्या आधी सुटतोय. शेजारच्या वस्तीवरची नऊ वर्षांची मुलगी होती. आई म्हणते केस खोटी, बांधाच्या भांडणातून केली. दादाही तेच म्हणतो. वहिनी तेव्हाच माहेरी गेली, परत आली नाही. मला दोन मुली, एक अकराची आणि एक सातची. आम्ही दोघं दिवाळीनंतर उसाला जातो, मुली आजी-आजोबांजवळ राहतात. दादाला घरात घ्यावं का? अशा माणसाला उपचार असतो का? इंजेक्शन असतं म्हणतात. दुसरं लग्न लावून दिलं तर फरक पडेल का? जेलमध्ये त्याला कोणी काही समजावलं नाही.'

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, छत्रपती संभाजीनगरात काम करतो. कधी कोर्टाकडून, कधी बाल न्याय मंडळाकडून, पण जास्त करून घरच्यांनी हाताला धरून आणलेली अशी माणसं माझ्याकडे येतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारणं नंतर सांगतो. तुम्ही कारखान्यावर असताना तुमच्या मुली आणि तुमचा भाऊ एका घरात राहता कामा नयेत. एक रात्रही नको. मुलींना कुठं हलवायचं याचा विचार करू नका, हलायचं ते भावानं. त्याला टाकून द्या असा याचा अर्थ नाही. उलट अशा माणसाला सगळ्यांनी टाकलं, की कामधंदा नाही, बोलायला कोणी नाही, संध्याकाळी बाटली, अशा अवस्थेत तो जातो आणि ती अवस्था जास्त धोक्याची असते. त्याला जवळ ठेवा, पण लेकरांपासून लांब. पुढचं सगळं याच कसरतीबद्दल आहे.

आता 'हे लोक सुधारतात का'. गावात याची दोन उत्तरं मिळतात. एक, 'कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच'. दुसरं, 'भोगली ना शिक्षा, आता कशाला उकरता'. पुरावा या दोघांच्याही बाजूनं उभा राहत नाही. कॅनडातले संशोधक कार्ल हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र करून पाहिले. पाच-सहा वर्षांच्या पाठपुराव्यात लैंगिक गुन्हा पुन्हा केल्याचं उघड झालेल्यांचं प्रमाण होतं १३.७ टक्के. पंधरा वर्षांपर्यंत मागोवा घेतलेल्या दुसऱ्या एका पाहणीत ते २४ टक्क्यांच्या आसपास गेलं. हे उघडकीला आलेले गुन्हे. जी लेकरं कधी बोललीच नाहीत त्यांचा हिशेब यात नाही, म्हणून खरा आकडा याहून मोठाच धरायचा. तरीही 'करणारच' हे बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरत नाही. सगळ्यांचा धोका सारखाही नसतो. काहींचा फार कमी असतो, मोजक्यांचा फार जास्त. तुमचा भाऊ यात कुठं बसतो हे ठरवणं म्हणजे मूल्यमापन. बाहेर आल्यावरची पहिली काही वर्षं सगळ्यात नाजूक असतात आणि गुन्ह्याविना जितकी वर्षं जातील तितका धोका उतरत जातो, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे.

मूल्यमापन म्हणजे माणसाला समोर बसवून 'तू पुन्हा करशील का' असं विचारणं नव्हे. मी आधी कागद वाचतो: फिर्याद, दोषारोपपत्र, न्यायाधीशांपुढं मुलीनं दिलेला जबाब, निकालाची प्रत. माणसाची गाठ त्यानंतर. कारण त्याच्या तोंडून येणारी गोष्ट घासूनपुसून आलेली असते. कागदात मी बघतो की मूल त्याच्याजवळ एकटं कसं आलं. ते चालत आलं, की त्यानं बोलावलं? खाऊ, मोबाईल, बोरं, विहिरीवर पोहायला नेणं, यातलं काही होतं का? हे एकदा घडलं की बरेच दिवस चाललं होतं? घरात त्या वेळी कोण होतं? बरेच दिवस माया लावून, घरच्यांचा विश्वास मिळवून केलेला गुन्हा आणि एका दुपारी संधी दिसली म्हणून केलेला गुन्हा, दोन्ही गुन्हेच. पण पुढचा बंदोबस्त मात्र निराळा असतो.

मग धोका वाढवणाऱ्या गोष्टी. काही भूतकाळातल्या, न बदलणाऱ्या: आधीच्या शिक्षा, तरुण वय, पीडित व्यक्ती नात्याबाहेरची किंवा अनोळखी असणं, पीडित मुलगा असणं, जोडीदाराबरोबर सलग दोन वर्षंही संसार न केलेला असणं. अशा दहा मुद्द्यांवर १९९९ मध्ये 'स्टॅटिक-९९' नावाचं मापन तयार झालं आणि ते जगभर वापरतात. मी ते मुद्दे बघतो, पण गुणांवरून टक्केवारी काढून कोर्टाला देत नाही. ते आकडे कॅनडा-युरोपातल्या नोंदींवर बेतलेत. आपल्याकडे बहुतेक प्रकरणं पोलीस ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळं 'आधीची शिक्षा नाही' याचा अर्थ 'आधी काही केलं नाही' असा घेता येत नाही.

दुसऱ्या गोष्टी बदलू शकणाऱ्या आणि माझं खरं काम त्यांच्यावर. मोठ्या माणसांशी जवळीक जमत नाही आणि लेकरांतच बरं वाटतं, डोक्यात सतत कामविषय, रागावर ताबा नाही, कोणी सांगितलेलं ऐकायचं नाही, संगत वाईट. आणि तिसऱ्या, ऐन वेळच्या: दारू पुन्हा सुरू, घरात भांडण, अचानक मन खचणं, भेटीला येणं बंद, आणि लेकरांपर्यंत पोच. शेवटची गोष्ट सगळ्यांवर भारी. बाकीचं सगळं असूनही लेकरू हाताशी नसेल तर गुन्हा घडत नाही.

इथं एक गैरसमज काढायला हवा. मुलांवर अत्याचार करणारा प्रत्येक जण मुलांकडेच आकर्षित होणारा असतो असं नाही. तसं कायमचं आकर्षण हा वेगळा विकार आहे, त्याचं निदान वेगळं करावं लागतं. कितीतरी आरोपी संसारी, बायको-मुलं असलेले असतात. त्यांनी मूल निवडलं ते सोपं सावज म्हणून. उलट ज्यांच्यात ते आकर्षण आहे पण ज्यांनी कधी कोणाला हात लावला नाही, अशीही माणसं आहेत. डेव्हिड फिंकलहॉर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये मांडलं की अत्याचार होण्याआधी चार गोष्टी जुळाव्या लागतात: करावंसं वाटणं, स्वतःच्या मनाचा आवर सुटणं, बाहेरचा पहारा नसणं, आणि मुलाचा विरोध मोडणं. मी घरच्यांना समजावताना अजून हीच मांडणी वापरतो. पहिल्या दोन गोष्टींवर उपचारात काम होतं, तिसरी घरच्यांच्या हातात असते. चौथीचा भार लेकरावर टाकायचा नसतो.

दारूचं सांगतो, कारण तुम्हीही ऐकलं असेल, 'नशेत झालं'. मी त्यावर एवढंच विचारतो: दारू तर रोज होती, मग त्याच दिवशी का? बहुतेक वेळा उत्तर निघतं की त्या दिवशी घरातले बाजाराला, लग्नाला किंवा रानात गेले होते. म्हणजे नशेतही माणूस संधी ओळखत होता. दारूनं आवर सुटतो हे खरं, म्हणून दारू सोडवणं उपचारात पहिल्या रांगेत येतं. पण 'दारू सोडली, प्रश्न मिटला' असं समजून पहारा काढू नका.

आता 'केस खोटी होती' या मुद्द्यावर थोडं थांबतो. तुमच्या पत्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

कबुली दिल्याशिवाय सुधारणा नाही, असं लोकांना वाटतं. आमच्या क्षेत्रातही कित्येक वर्षं हाच समज होता. कबूल न करणाऱ्याला उपचारगटात घेतच नसत. पण हॅन्सन यांच्या १९९८ आणि २००५ च्या दोन्ही मोठ्या संकलनांत दिसलं की गुन्हा नाकारणं, पश्चात्ताप न दाखवणं, यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध लागत नाही. नाकारणाऱ्याला पुष्कळदा लाजच वाटत असते. आईच्या डोळ्यांला डोळा भिडवायचा असतो, भावकीत उभं राहायचं असतं. म्हणून दादा नाकारतो याचा मी मोठा बाऊ करत नाही. मी त्याला म्हणतो, 'त्या दिवसाचं राहू दे. तुझ्यावर पुन्हा असा आरोप येऊ नये म्हणून काय काय पाळशील ते बोलू.' नाकारणारा माणूसही या दारातून आत येतो.

मला भीती वाटते ती आईच्या नाकारण्याची. पहारा तिला ठेवायचा आहे. केस खोटी असं जिला मनापासून वाटतं ती आजी नातीला काकाजवळ सोडून दळण आणायला निर्धास्त जाईल. त्याला एकटं बसलेलं बघून तिचा जीव तुटेल आणि ती स्वतःच म्हणेल, 'जा गं, काकाला चहा नेऊन दे.' बांधाचे वाद खरे असतात, खोट्या केसेस होतच नाहीत असंही मी म्हणणार नाही. पण पुरावा तपासून न्यायालयानं शिक्षा दिली आहे. त्या निकालाविरुद्ध दाद मागायची तर वकिलाकडं जाऊन मागा. घरातले नियम मात्र निकाल खरा धरूनच बांधायचे. आईला पटवता येत नसेल तर मुलींना तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका.

काही घरचे विचारतात, मशीन लावून खरं काढता येत नाही का? नार्को, पॉलिग्राफ वगैरे संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि केलं तरी ते मागचं विचारणार. आपल्याला काळजी पुढची.

उपचाराबद्दल. तुरुंगात त्याच्याशी कोणी बोललं नाही याचं मला नवल वाटलं नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या कैद्याला उपचार द्यायलाच हवेत असं कायद्यात कुठं बंधन नाही, आणि शिक्षा पूर्ण भोगून सुटलेल्या प्रौढ माणसावर पुढं देखरेख ठेवणारा अधिकारीही नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदयादी फक्त तपास यंत्रणांसाठी आहे. म्हणजे हर्सूलच्या फाटकापासून तुमच्या गावच्या फाट्यापर्यंत त्याच्यासोबत यंत्रणा म्हणून कोणीच नसतं. ती जागा तुमच्यासारख्या घरच्यांवर येऊन पडते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

उपचारानं फरक पडतो का, तर पडतो, पण कोणताही उपचार चालत नाही. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा गट-कार्यक्रम होता. २०१७ मध्ये त्याचा हिशेब मांडला तेव्हा उपचार घेतलेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे १० टक्के निघाले, न घेतलेल्यांत ८. कार्यक्रम बंद करावा लागला. त्या कार्यक्रमात गुन्ह्याचं पुन्हा पुन्हा वर्णन करायला लावणं, पीडितेचं दुःख कल्पायला लावणं यावर बराच भर होता. ऐकायला योग्य वाटतं, पण पुन्हा गुन्हा घडवणाऱ्या कारणांना ते हात घालत नव्हतं. उलट २०१९ मधल्या एका मोठ्या संकलनात उपचार घेतलेल्यांत ९.५ आणि न घेतलेल्यांत १४.१ टक्के असा फरक दिसला, आणि जिथं प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सतत हजर होते तिथं निकाल आणखी चांगले होते. यावरून मी माझ्यापुरतं ठरवलं ते असं: जास्त धोक्याच्या माणसाला जास्त वेळ द्यायचा, कमी धोक्याच्याला उगाच अडकवून ठेवायचं नाही, आणि जे बदलल्यानं धोका खरोखर कमी होतो तेच बदलायला घ्यायचं. कॅनडातल्या अँड्र्यूज आणि बोंटा यांनी १९९० मध्ये मांडलेलं तत्त्वही हेच.

प्रत्यक्षात हे काम फार साधं दिसतं. सुरुवातीला आठवड्याला एक भेट. गुन्ह्याच्या आधीचे दिवस आम्ही मागे मागे जाऊन तासतासभर बघतो: कुठं होता, कोणाशी भांडला, काय पाहिलं, काय मनात आलं, कोणत्या क्षणी परत फिरता आलं असतं. मग पुढच्या आयुष्यात तसे क्षण कुठं येतील याची यादी त्याच्याच तोंडून काढायची. मोबाईलवर काय बघतो हे विचारावं लागतं, आणि मुलांचं लैंगिक चित्रण नुसतं पाहणं वा जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय, ते कानावर घालावं लागतं. उरलेला अर्धा वेळ कामधंदा, झोप, दारू, राग आणि एकटेपण यांत जातो. त्याला जगण्यासारखं काही हवं असतं. नुसत्या 'हे करू नको'च्या यादीवर माणूस तग धरत नाही.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी सांगतो. आपल्याकडे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाला सांगितलेलं कोर्टापासून झाकून ठेवता येत नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. हे बंधन तुम्हालाही लागू आहे, भाऊ असलात तरी. जर्मनीत, बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयात, २००५ पासून एक प्रकल्प चालतो. तिथं मुलांबद्दल आकर्षण वाटणारी माणसं नाव गुप्त ठेवून स्वतःहून येतात. त्यांचा कायदा तसं राखू देतो, आपला नाही. तरीपण ज्यानं काहीच केलेलं नाही आणि जो स्वतःच्या मनातल्या गोष्टींना घाबरलाय, त्यानं मदत मागणं हा आपल्याकडेही गुन्हा नाही. असा कोणी वाचत असेल तर त्यानं जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावं, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरावर निदान बोलावं.

खटला चालू असलेल्यांबाबत अडचण निराळी. आपल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कैदी कच्चे असतात. त्यांच्याशी गुन्ह्यावर बोलायला गेलं तर माझी नोंदवही उद्या पुरावा म्हणून मागवली जाऊ शकते. तिथं मी फक्त दारू, झोप, आत्महत्येचे विचार एवढ्यावर काम करतो.

आता इंजेक्शन. औषधं आहेत. नैराश्यावर वापरतात त्या काही गोळ्यांनी डोक्यातले सततचे कामविचार कमी होतात. त्याच्या पुढं टेस्टोस्टेरॉन उतरवणारी इंजेक्शनं आहेत. ती थोड्यांसाठीच असतात, ज्यांच्यात ती ओढ खूप तीव्र आहे आणि बोलण्यानं आवरत नाही अशांसाठी. हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं, साखर बिघडू शकते. वेळोवेळी रक्त आणि हाडं तपासावी लागतात. मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनचे डॉक्टर दोघं लागतात, म्हणजे संभाजीनगरच्या घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय. आणि रुग्णाची खरी संमती. औषध थांबलं की परिणामही ओसरतो. शिक्षा म्हणून सरसकट असं करावं ही मागणी २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर जोरात होती; न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ च्या अहवालात ती मान्य केली नाही. मलाही ते पटतं, कारण इंजेक्शन घेतलेला माणूस रागानं, सूडानं किंवा दांडगाईनं मुलाला इजा करणारच नाही असं काही नाही. तुमच्या भावाला ते लागेल का हे त्याला न बघता सांगता येत नाही, पण बहुतेकांना लागत नाही.

लग्नाचं मात्र ठामपणे सांगतो: लावू नका. 'बाई आली की मार्गाला लागेल' ही आपल्याकडची आवडती तोड आहे. तो गुन्हा केला तेव्हा त्याचं लग्न झालेलंच होतं. गरीब घरची, कदाचित पदरात लेकरू असलेली बाई बघून आणाल आणि त्या लेकराला तुम्ही त्याच्या घरात नेऊन सोडाल. पुढं कधी लग्नाचा विषय निघालाच तर त्या बाईला निकालासकट सगळं माहीत असायला हवं.

माळ घालण्याचंही असंच. काही जण सुटल्यावर माळकरी होतात, वारीला जातात. चांगलं आहे, दारू सुटते, चार भली माणसं भेटतात, पहाटे उठणं होतं. तेवढा लाभ घ्यावा. पण माळ बघून गाव विसरतं आणि हरिपाठाला बसणारी पोरं त्याच्या हाताखाली देतं. तसं होऊ द्यायचं नाही.

मग तो राहील कुठं? तुम्ही म्हणाल, आमच्याबरोबर टोळीत नेतो, नजरेसमोर राहील. नाही. कोयत्यावर माणसं पहाटे अंधारात फडात जातात आणि कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, लेकरं एकटी उरतात. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळत बसलेली असते. साऱ्या मराठवाड्यातून गेलेल्या टोळ्यांचं हेच चित्र आहे. पहारा नसलेली लेकरं इतकी एका जागी दुसरीकडं कुठं सापडणार नाहीत. त्याला तिथं नेऊ नका, आणि मुकादमानं उचल देऊ केली तरी घेऊ देऊ नका.

माझ्या मते त्यानं गावाबाहेर राहावं. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इकडं कंपन्यांत हेल्परचं काम मिळतं. चार पुरुषांच्या खोलीत राहता येतं. शाळेची गाडी चालवणं, वसतिगृहावर राखणदारी, क्लासच्या दारात वडापावची गाडी, असली कामं नकोत. मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांनी नोकराची पोलीस पडताळणी करायची हे २०२० च्या पोक्सो नियमांत आहे, पण ती सगळीकडं होते असं धरून चालू नका. ते काम त्यानं स्वतःच टाळायचं. शहरात राहिला तर उपचारालाही येता येईल. गावाहून आठवड्याला एसटीनं यायचं म्हणजे एका दिवसाचा रोज बुडतो आणि तीन-चार भेटींनंतर लोक गळतात. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, दारूचे उपचार तिथंही होतील.

आणखी एक कारण आहे गावाबाहेरचं. ती मुलगी. ती आता चौदा-पंधराची असेल, त्याच वाटेनं शाळेला जात असेल. पत्रात तिच्याविषयी एकच ओळ आहे. तिच्या घरी माफी मागायला जाणं, मध्यस्थ घालून 'झालं गेलं मिटवू' म्हणणं, जत्रेत समोर येणं, यातलं काहीही तुमच्याकडून होऊ नये. तिला गाव सोडावं लागू नये म्हणून तुमच्या भावानं सोडणं, हे रास्त आहे.

सणावाराला तो घरी येईल. तेव्हाचे नियम त्याच्यासमोर, सगळ्यांदेखत ठरवा. मुलींबरोबर एकटा थांबणार नाही, खोलीतही नाही आणि मोटारसायकलवरही नाही. त्यांना मोबाईल दाखवणार नाही, पैसे-खाऊ द्यायचा तर तुमच्या हातून. मुली जिथं झोपतात तिथं झोपणार नाही. पिऊन आला तर त्या दिवशी घरात प्रवेश नाही. नियम मोडला तर काय, तेही आधीच बोलून ठेवा. तो चिडला, 'माझ्यावर भरवसाच नाही का' म्हणाला, तर आवाज न चढवता नियम पुन्हा सांगा. ज्याला खरंच बदलायचंय त्याला काही दिवसांनी हे नियम बरे वाटू लागतात. कारण कोणी बोट दाखवलं तर तो म्हणू शकतो की मी एकटा नव्हतोच.

लक्ष कशावर ठेवायचं? मुलींना क्लासला सोडायची जबाबदारी तो आपणहून मागतो. एकाच लेकराचे लाड जास्त. वाड्यातली पोरं त्याच्या मोबाईलभोवती गोळा होतात. कामावरून काढलं हे लपवतो. भेटीला यायचं टाळतो. यातलं काही दिसलं तर गुन्हा झालाच असं नाही, पण त्याच दिवशी बोलायचं, पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, घरी परतेपर्यंत थांबायचं नाही.

हे सगळं तुम्ही एकट्यानं पेलू नका. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्रीनं अशाच सुटलेल्या, सगळं शहर ज्याच्यावर खवळलं होतं अशा माणसाभोवती चार-पाच स्वयंसेवक उभे केले. रोज कोणीतरी त्याला भेटायचं, दवाखान्यात न्यायचं, चहा प्यायचं, आणि तोंडावर विचारायचं की आज कुठं होतास. त्यातून पुढं एक पद्धत उभी राहिली आणि ब्रिटनपर्यंत गेली. आपल्याकडे तशी संस्था नाही, पण माणसं असतात. एखादा मामा, ज्याचं तो ऐकतो. बहीण, जी त्याला घाबरत नाही. निवृत्त झालेले गुरुजी. निकाल वाचलेली तीन माणसं पुरेत. गावभर दवंडी पिटू नका. अमेरिकेत गुन्हेगारांची नावं-पत्ते जाहीर करतात, त्यानं पुन्हा होणारे गुन्हे कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही, आणि घर-नोकरी सुटून माणूस आणखी भरकटतो. मात्र ज्या घरात तो मुक्कामाला जाईल आणि तिथं लेकरं असतील, त्या घरच्यांना सांगणं ही तुमची जबाबदारी.

मुलींना काय सांगायचं? सातवर्षीय मुलीला भावाची केस सांगायची गरज नाही. कोणीही, घरातलं माणूस असलं तरी, अंगाला नको तसा हात लावला किंवा 'हे कोणाला सांगू नको' म्हटलं, की लगेच आईला सांगायचं आणि आई रागावणार नाही, एवढं पुरे. अकरा वर्षांची मुलगी बाहेरून काहीतरी ऐकून आलेलीच असणार. तिला थोडक्यात खरं सांगा, म्हणजे ती अफवांवर सोडली जाणार नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर दोघींना पाठ असू द्या.

जाता जाता, अशी पत्रं लिहिणाऱ्या आणखी एका गटासाठी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांनी वरचे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत. अल्पवयीनांत लैंगिक गुन्हा पुन्हा करण्याचं प्रमाण २०१६ च्या शंभराहून अधिक अभ्यासांच्या संकलनात पाच टक्क्यांच्या आत होतं. त्यातही आपल्याकडं पोक्सोखाली आलेली कितीतरी मुलं म्हणजे पळून गेलेल्या जोडीतला मुलगा. त्याला आणि तुमच्या भावाला एका तागडीत घालणं हे मूल्यमापन नव्हे.

सुटण्याची तारीख पक्की झाली की तो गावात पोचायच्या आधीच त्याला घेऊन या. निकालाची प्रत आणा, ती नसेल तर वकिलाकडून मिळेल. आणि तुमच्या पत्नीला सोबत आणा. एवढ्या मोठ्या पत्रात आईचं म्हणणं आहे, दादाचं आहे, तुमचं आहे. तिचं कुठंच नाही. तिच्याशी मी आधी आणि वेगळं बोलेन.